तांदळातले रोल

पुण्याजवळच्या माणमध्ये मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, कंपनी विचारली नाही, मटण-मासे चालतात का तेही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "फोटू काढू देशील न्हवं?"

मी दोन पावलं मागं सरकले. एकटी मुलगी, परकं गाव, नवी नोकरी, आणि समोर पासष्टीचा एक धिप्पाड माणूस. अंगात बंडी, खाली लेंगा आणि गळ्यात चामडी पट्ट्याला लोंबणारी एक काळी पेटी. मी पळ काढायच्या बेतात असतानाच आतून एका बाईचा आवाज आला.

"घाबरू नगं गं पोरी! समद्यांचाच काढत्यात. दिसत मातर कुनालाच न्हाई."

ह्या काकू. घरमालकीण. त्यांच्या त्या आवाजावर विश्वास ठेवून मी खोली घेतली आणि पुढची तीन-चार वर्षं तिथंच राहिले. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणायचं, म्हणून मीही आण्णा म्हणायला लागले. पण आधीच सांगून टाकते, हा माणूस मला कधीच कळला नाही. आता लिहायला बसलेय तर लिहिता लिहिता कळेल असंही काही वाटत नाही.

इमारत तीन मजली होती आणि खोल्यांना नंबर नव्हते. प्रत्येक खोलीत दाराच्या मागं खिळ्याला एक जुना कॅमेरा टांगलेला असायचा आणि खोली त्याच्या नावानं ओळखली जायची. खाली डबा खोली, कारण तिथला कॅमेरा म्हणजे नुसता चौकोनी डबा. तिच्या शेजारी भात्याची खोली, तिथल्या कॅमेऱ्याला लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा भाता होता. माझ्या खोलीतल्या कॅमेऱ्याला एकावर एक दोन भिंगं होती, त्यामुळे मी दोन डोळ्यांची. विजेचं बिल आलं की जिन्यातून हाक यायची, "ए दोन डोळ्यांची! बिल आलंय तुझं!" एकदा आईनं फोनवर ते ऐकलं. म्हणाली, "कोण गं हा मेला? आणि बाकीच्यांना किती डोळे आहेत तिथं?"

आता कुणालाही वाटेल की आण्णा जुने फोटोग्राफर असणार, पौडला वगैरे स्टुडिओ असणार, मोबाइल आले आणि धंदा बसला असणार. मलाही तसंच वाटलं होतं. तसं काहीही नव्हतं. आण्णांनी जन्मभर भात लावला, भात कापला आणि म्हशी राखल्या. साठी ओलांडेपर्यंत कॅमेऱ्याला हातसुद्धा लावला नव्हता. मग जमीन कंपन्यांच्या पार्कात गेली. भावांनी दारात गाड्या उभ्या केल्या, एकानं तर डंपर घेतला. आण्णा एका बुधवारी मोटरचा कसलासा भाग शोधायला पुण्याच्या जुन्या बाजारात गेले आणि मोटरचा भाग विसरून तो डबा कॅमेरा घेऊन आले. त्यानंतर दर बुधवारी हेच. काकू म्हणायच्या, "लोकांचे नवरे बाजारात जाऊन दारू पिऊन येत्यात. मी म्हनलं, ह्ये परवाडलं."

का घेतला, हे मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "मी पाच-सात वर्साचा आसंन. जत्रंत एक फोटूवाला आला व्हता. पडदा लावलेला, पडद्यावर इमान काडलेलं. आमा भावंडांचा फोटू काडला आन म्हनला, पुढल्या जत्रंला आनून देतो. दिला बी. वर्सानं. तवर माजा धाकला भाऊ तापानं गेला व्हता. फोटूत मातर व्हता. लगीच दिला आसता तर आमी पोरांनी दोन दिवसांत फाडून टाकला आसता. वर्सानं आला म्हनून घरात ऱ्हायला."

मी संध्याकाळी काकूंना म्हटलं, किती वाईट हो, आण्णांचा भाऊ असा गेला. काकू भाकरी थापायच्या थांबल्या.

"कुटला भाऊ? ह्यांचं समदं भाऊ जित्तं हायेत. गाड्या फिरवत्यात, बगतीयास न्हवं?"

"मग तो जत्रेतला फोटो?"

"फोटू कसला आन काय. ह्यांना जत्रंत न्हेत व्हतं कोन?"

पुढं भात्याच्या खोलीतल्या मुलाला विचारलं, तर त्याला आण्णांनी सांगितलं होतं की जत्रेतला फोटोवाला फोटो काढून जो गेला तो परत आलाच नाही. तिसऱ्या भाडेकरूला म्हणे सांगितलं, लोखंड चांगलं आहे म्हणून घेतो. मी तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. नोकरी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची, त्यामुळे असली विसंगती दिसली की माझ्या डोक्याला मुंग्या येतात. आण्णांना एकदा तोंडावर म्हटलं, यातलं खरं कुठलं? ते म्हणाले, "तुला कुटलं आवडलं?" आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

रविवारी त्यांच्याकडं गर्दी व्हायची. आसपासच्या कंपन्यांतली पोरं, पंचविशीतली, गळ्यात रोलचे कॅमेरे घालून यायची. ह्या पोरांचा जन्म होईपर्यंत रोलचे दिवस भरत आले होते, पण त्यांना त्या दिवसांची अशी काही ओढ होती, की रिकाम्या डबीचाही ती डोळे मिटून वास घ्यायची. एकजण हात जोडून म्हणाला, "आण्णा, आपके ज़माने में फोटो का क्या मज़ा होता होगा!"

आण्णांनी त्याच्या गळ्यातला कॅमेरा उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाले, "आमच्या जमान्यात क्यामेरा व्हता कुनाकडं? आमच्याकडं म्हशी व्हत्या."

पोरं भारावून हसली. त्यांना त्यातही काहीतरी गहन दिसलं. एकाला तो भात्याचा कॅमेरा विकत हवा होता. त्याला आण्णांनी सांगितलं, "खोली भाड्यानं घे. क्यामेरा तिच्यात हाय." गंमत म्हणजे ती रिकामी झाल्यावर त्यानं खरोखरच घेतली.

आता तांदळाचं सांगते. खोलीत आल्याच्या दिवशी आण्णांनी मला भिंतीपुढं उभं करून फोटो काढला होता. महिनाभरानं मी तो मागितला. आण्णा मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. कोपऱ्यात तांदळाची पत्र्याची कोठी होती. इमारतीच्या मागं दोन-तीन गुंठ्यांचं एक खाचर त्यांनी विकलं नव्हतं, तिथला आंबेमोहर. झाकण काढून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि एक काळी डबी वर काढली.

"ह्यो बग तुजा फोटू."

"तांदळात?"

"मग? नवा तांदूळ लगीच शिजवत्यात व्हय? गिच्च गोळा हुतो त्याचा. वर्स गेलं की मग कसा फुलतो, दाना दाना सुटा. फोटूचं बी तसंच आसतं. जुना हू द्यावा लागतो."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण चेहरा अगदी सरळ होता. डब्यांबरोबर कडुनिंबाचा पालाही होता, रोलला टोके लागू नयेत म्हणून. मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळं वाचून काढलं आणि संध्याकाळी त्यांना नीट समजावलं, की फोटो काढलेला रोल जितका लवकर धुवावा तितका चांगला. ठेवला की आतलं चित्र फिकं होत जातं, उन्हाळ्याच्या उकाड्यानं तर वाटच लागते. त्यांनी सगळं मान हलवत ऐकलं. मधे एक-दोन शंकाही विचारल्या. शेवटी म्हणाले, "आसंल. शेरातल्या फोटूचं तसं आसंल." आणि कोठीचं झाकण लावलं.

वर्ष झाल्यावर मात्र शब्द पाळला. त्या त्या वेळचे रोल फडक्यात बांधून ते बसनं पुण्याला गेले आणि धुवून घेऊन आले. माझ्या फोटोवर मळभ आलं होतं. भिंत पांढुरकी, मी पांढुरकी, एक कान तेवढा ठसठशीत. आण्णा तो हातभर लांब धरून म्हणाले, "काय फुललाय बग!" मी कपाळाला हात लावला. ज्याला सगळं जग 'रोल खराब झाला' म्हणतं, त्याला हे फुलला म्हणत होते, आणि पुन्हा इतक्या आनंदानं, की वाद घालायची सोय नव्हती. तो काढला त्या आठवड्यात मी मोबाइलवर स्वतःचे ढीगभर फोटो काढले होते. ते मोबाइलबरोबर गेले. हा एक कानाचा फोटो मात्र अजून माझ्याकडं आहे. हे मी आण्णांना कधीही सांगितलं नाही, उगाच शेफारले असते.

काकूंना ह्या सगळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. फोटोचं तर त्यांना वावडंच. कुणी मोबाइल वर केला की त्यांचा हात चेहऱ्यापुढं आडवा गेलाच म्हणून समजा. लेकीच्या लग्नात, नातवाच्या बारशात, सगळीकडं काकूंच्या जागी पदर नाहीतर पंजा. आण्णांनी एवढे कॅमेरे जमवले, आल्यागेल्याचे फोटो काढले, पण बायकोचा एकही नाही. विचारलं की काकू म्हणायच्या, "माजं थोबाड रोज बगत्यात की. पुन्ना कागुद कशाला?"

मग काकूंच्या पोटात दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून अंगावर काढलं, मग पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. रिपोर्ट घेऊन दोघं परत आले ती भातकापणीची वेळ होती. मी सुट्टी म्हणून घरीच होते आणि मागच्या गॅलरीतून बघत होते. काकू घरात न जाता तशाच मागच्या खाचराकडं गेल्या. दवाखान्यात नेसलेलं चांगलं लुगडं त्यांनी वर खोचलं, विळा उचलला आणि कापायला लागल्या. आण्णा बांधावर उभे होते. थोड्या वेळानं काकू सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "काडा एकदाचा."

आण्णांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा धावत वर आले, माझ्या खोलीतला दोन डोळ्यांचा कॅमेरा घेऊन गेले आणि बांधावर बसून त्यात नवा रोल घातला. काकू तोवर तशाच उभ्या होत्या, एका हातात विळा, दुसऱ्यात भाताची मूठ. हात दोन्ही गुंतलेले, म्हणून चेहऱ्यापुढं आले नाहीत, असं मला तेव्हा वाटलं. आण्णांनी मान खाली घालून कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग खटका वाजला. त्यांनी एकच फोटो काढला. उरलेला सगळा रोल रिकामाच फिरवला, डबीत घातला आणि तांदळात नेऊन ठेवला.

हिवाळाभर उपचार चालले आणि काकू वाळत गेल्या. होळीच्या सुमाराला डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं. मुलगी भूगावला दिलेली, ती आता इथंच येऊन राहिली होती. तिला त्या फोटोचं मीच सांगितलं. ती आण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

"आण्णा, त्यो रोल धुवून आना. आईला बगू द्या."

"वर्स झालं न्हाई."

"तिच्याकडं वर्स हाय का?"

आण्णा पेज ढवळत राहिले.

"आवो, येकच फोटू हाय तिचा त्वांडासकट! तिला नगं का बगाया? का ती गेल्यावर तुमी येकटंच बगनार?"

"वर्स झालं की बगंल ती."

पोरगी रडायला लागली. म्हणाली, याड लागलंय ह्या मानसाला. मलाही तेच वाटलं. खरं सांगायचं तर मला त्यांचा भयंकर राग आला. विक्षिप्तपणा असावा, मी तो इतकी वर्षं हसत हसत चालवून घेतला होता, पण मरायला टेकलेल्या बाईपुढं तांदळाचा नियम? मी दोन आठवडे त्यांच्याशी धड बोलले नाही. बिलाची हाक आली तरी ओ दिली नाही. ते काहीच बोलायचे नाहीत. सकाळ-संध्याकाळ काकूंना भरवायचे, पेज गार करून द्यायचे, आणि येता-जाता कोठीचं झाकण नीट बसलंय का बघायचे.

एका सकाळी मी कामावर निघाले होते तर दारात आण्णा. हातात ती डबी. कडुनिंबाचं एक पान चिकटलेलं होतं तिला.

"तुज्या हापिसाच्या वाटंवर धुऊन देत्यात का कुटं? आजच्या आज?"

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि माझा सगळा राग एकदम खाली बसला. रात्रीतून ते म्हातारे झाले होते. मी डबी घेतली. मला आनंद व्हायला हवा होता, आमचंच म्हणणं खरं झालं होतं. पण जिना उतरताना तो काही होईना, आणि का ते मला सांगता येईना.

खाली पडवीत काकूंची खाट होती. मी त्यांच्या पलीकडून निघाले होते, पण त्यांनी बघितलं.

"काय गं त्ये हातात?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं, तर मागून आण्णाच म्हणाले, "तुजा फोटू. धुवायला धाडतोय. सांच्याला बगशील."

काकू आमच्याकडं बघत राहिल्या. मग उशीवरून उठायचा प्रयत्न करायला लागल्या. मुलगी धावली, तिनं त्यांना टेकून बसवलं.

"वर्स झालं का?"

मुलीनं आण्णांकडं पाहिलं.

"आवो, मी तुमास्नी इचारतीया. झालं का वर्स?"

"न्हाई."

"मग? मला धाडायची एवडी घाई झाली व्हय तुमास्नी?"

धिप्पाड माणूस, पण पडवीच्या खांबाला धरून पोरासारखा उभा होता. काकूंनी माझ्यापुढं हात केला, मी डबी दिली. ती त्यांनी मुलीच्या हातात ठेवली. "जा. ठिव जा तांदळात. खालतीपातुर घाल." मुलगी डोळे पुसत आत गेली. काकूंनी पाठ टेकली आणि आण्णांना म्हणाल्या, "पेज आना. गार हुतीया."

त्या दिवशी मी ऑफिसात बसून होते पण काम काही झालं नाही. नियम कुणाचा होता, कुणासाठी होता, दोघांपैकी कोण कुणाला धीर देत होतं, मला कशाचाच थांग लागेना. की काकूंना आपला रिपोर्ट घेऊन आलेल्या दिवशीचा चेहरा बघायचाच नव्हता, आणि वर्षाचं निमित्त बरं सापडलं? तेही असेल. मी आजही ह्याचा विचार करायला लागले की घोटाळ्यातच पडते.

काकू वैशाखात गेल्या. पुढं माझी नोकरी बदलली आणि मी बावधनला राहायला आले.

दिवाळीनंतर एका रविवारी आण्णांना भेटायला गेले. माझ्या जुन्या खोलीत आता दुसरी मुलगी होती, दोन डोळ्यांची. मागचं खाचर नुकतंच कापलेलं दिसत होतं. पडवीत भिंतीवर काकूंच्या मुलीनं त्यांचा फोटो लावला होता. कुठल्याशा लग्नातला, मोबाइलवरचा, मोठा करून घेतलेला. अर्ध्या चेहऱ्यावर पदर, त्याच्याखाली काकूंची बोटं, आणि वरून चंदनाचा हार.

आण्णांनी मला जेवून जायचा आग्रह केला. भात त्यांनीच लावला होता, वरण शेजारच्या घरून आलं होतं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जेवायला बसलो. कोठी त्यांच्या पाठीमागंच होती. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते आणि ते माझ्याकडं बघत होते.

"पोरी, येक सांग," ते म्हणाले. त्यांचा हात ताटातच थांबला होता. "तू शिकलेली हायेस. वर्स कवापासनं धरायचं?"

"कसलं वर्ष, आण्णा?"

"फोटू काडल्यापासनं... का ती गेल्यापासनं?"

मी गडबडले. ज्या माणसानं मला आयुष्यात एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नव्हतं, तो मला खरोखर विचारत होता. ओठ किंचित उघडे होते आणि डोळे माझ्या तोंडावरून हलत नव्हते. फोटो काढल्याला वर्ष होऊन गेलं होतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्या एका फोटोत काकूंचा चेहरा होता आणि प्रत्येक महिन्याला तो तिथं तांदळात थोडा थोडा पुसला जात होता, हेही मला ठाऊक होतं. मला तो बघायचा होता. काढल्यापासून म्हटलं असतं तर मीच तो त्याच दिवशी पुण्याला घेऊन गेले असते.

"गेल्यापासून," मी म्हटलं. "गेल्यापासूनच धरतात."

आण्णांनी श्वास सोडला. खांदे सैल झाले. त्यांनी भाताचा घास कालवला, तोंडात घातला, सावकाश चावून गिळला.

"बरं झालं," ते म्हणाले. "मला वाटलं आत्ताच बगावं लागतंय."